दारं धरणारी सुकी

आमची सुकी लहानपणी काडेपेटीतल्या काडीसारखी व्हती. अंग नावाला आन् वर तेवढं डोस्कं. मी तिला तोंडावर म्हणायची, "सुके, येवढ्या डोस्क्यात भरलंय काय गं?" तर ती म्हणायची, "दगडाआत्ती, तुमच्या तोंडात मशेरी मावती तेवढं तर नक्कीच न्हाय." तवापास्नं आमचं दोघींचं जमतं. कागदावर तिचं नाव सुकन्या. बंगळूरला तिला डॉक्टर सुकन्या म्हणत्यात, पण सुई टोचायची परवानगी न्हाय, ताप बघायची न्हाय. मी म्हणते, मग डॉक्टर कसली गं तू, पाटीवरची? ती हसती. आता जरा कमीच हसती. का ते सांगते.

म्हस्कू माझा पाठचा भाऊ, शेळगावचा. आमच्या बाच्या वक्ताला घरात मेंढरं व्हती, दिवाळी सरली की कोकणाकडं चालत जायची. म्हस्कूनं मेंढरं इकली, कालव्याखालची जमीन घेतली, ऊस लावला. त्याला दोन पोरी. थोरली सारजा, धाकटी सुकी. भावजय लवकर गेली, मग घर सारजानं धरलं आन् दारं सुकीनं. दारं म्हणजे घराची न्हवं. कालव्याची पाळी आली की पाटातनं पाणी येतं. एका वाफ्याचं मातीचं दार फोडायचं, वाफा भरला की ते बुजवायचं आन् म्होरचं फोडायचं. त्याला आमच्यात दारं धरणं म्हणत्यात. ह्या पोरीला त्या कामाचं येड. एकडाव म्हस्कू बघतोय तर वाफा तुडुंब, बांध फुटायला आलाय, आन् ही बसलीय उकिडवी, दाराकडं टक लावून.

"अगं ए, बुजव की!"

"थांबा आबा, दार नेमकं किती फोडल्यावर पाणी उडी मारतं ते बघतीय."

म्हस्कूनं तिच्या पाठीत खोऱ्याचा दांडा घातला. तिनं त्यातनं काय शिकावं? दुसऱ्या दिवशी बाप नसताना बघायचं.

बारामतीच्या कॉलेजात गेली, तितनं पुण्याला, तितनं बंगळूरला. म्हस्कू लगीन लगीन करून दमला. मी निमगाव केतकीला दिलेली, तवा शेळगावनंतर पुढचा मुक्काम माझ्याकडंच. बंगळूरला गेल्यावर पहिल्यांदा आली ती ब्याण्णव सालच्या उन्हाळ्यात. ओट्यावर बसून मी इचारलं, "करतीस काय तितं?"

"दारं धरते, आत्ती."

"त्येच्यासाठी येवढी शिकलीस व्हय? शेळगावात काय दारं कमी पडली व्हती?"

मग तिनं सांगितलं. आपल्या मांसात बारीक बारीक दारं असत्यात. नस तितं येऊन एक थेंब सोडती. थेंब लागला की दार उघडतं, मिठाचे कण आत घुसत्यात, मांस आखडतं, तवा कुठं आपला हात हलतो. पापणी लवायच्या आत ते दार कितींदा तरी उघडून मिटतं म्हणं. "आन् आत्ती, त्या दाराला तुमची तंबाखूबी चालती बरं का. तंबाखूतल्या इखावरनंच त्याचं नाव ठेवलंय." मी मशेरीची डबी पदराआड केली. "मण्यार चावली तर तिचं इख त्या दाराला खीळ घालतं. माणूस शुद्धीवर असतं, सगळं ऐकतं, पण त्याला छाती हलवता येत न्हाय."

ती केसाहून बारीक काचेची नळी घेती, बेडकाच्या मांसाच्या एका कणाला टेकवती, आन् एकाच दारातनं किती मीठ गेलं ते पडद्यावर बघती. दार उघडलं की रेघ खाली, मिटलं की वर. दिवसभर रेघच बघायची.

"आन् मग?"

"मग काय, जेवायचं."

"अगं, त्येचा उपेग काय?"

"अजून ठाव न्हाय."

मी काय गप बसती व्हय? सगळ्या गल्लीत सांगून आले, म्हस्कूची पोरगी बंगळूरला बेडकांची दारं धरती. सगळ्यात जास्त हसली ती तानूबाई. तानूबाई म्हणजे माझी चुलत जाऊ, माझ्या समोरचंच घर. निम्मा जल्म तिनं मेंढरांमागं चालून काढलेला. माणसाकडंबी ती मेंढरासारखंच बघायची, आधी दात, मग पाय. तिचा पोरगा संभाजी, साखर कारखान्यात कामाला. आमची सारजा त्यालाच दिलेली.

सारजा पहिली दोन वर्षं नुसती पळत व्हती. तानूबाई मला म्हणायची, "दगडे, तुझ्या भावानं बैल दिला गं मला." मग शंभूराज झाला, गुटगुटीत पोरगं, आन् ते वर्षाचं झालं तवा, सुकी त्या उन्हाळ्यात परत गेल्यावर, सारजाला काय झालं कुणाला कळंना. पहाटंची पहिली भाकर अशी गोल की बघत ऱ्हावं. शेवटच्या भाकरीला हात तव्यापोतर जाईना. जेवाय बसली की चार घास बरे, मग हनुवटीखाली हात घेऊन जबडा वर ढकलायची. दिवेलागण झाली की पापण्या खाली. बोलली की नाकातनं. पाणी प्यायली की तेबी नाकातनं परत. रातभर झोपली की सकाळी पुन्हा टवटवीत.

तितंच घात झाला बघा. दिवसभर आजारी असती तर तिला कुणी आजारी म्हणलं असतं. सकाळी चांगली आन् काम पडलं की आडवी, असल्या बाईला गाव काय म्हणणार? सोंगाडी.

तानूबाईनं तिच्या डोळ्याला मिरचीची धुरी दिली. उपाशी ठेवली. एकडाव पाव्हणं येणार व्हतं, च्या घेऊन ही पुढं जाणार, तर तानूबाईनं बाभळीचा डिंक लावून तिच्या पापण्या वर चिकटवल्या. ती तशीच गेली ट्रे घेऊन, डोळं वटारलेली. पाव्हणं म्हणलं, "सूनबाई लई रागीट दिसतीय." घरात हसू पिकलं. मीबी ते हसणं ऐकलं माझ्या ओट्यावरनं, पण तवा मला कळलं नव्हतं हसत्यात कशाला.

मग एक दिवस शंभू तिच्या हातातनं खाली पडला. काय लागलं न्हाय, टेंगूळ आलं. पण त्या दिवसापास्नं पोरगं तिच्याकडं देईनात. ते रडायचं, ही उंबऱ्याशी बसून हात पुढं करायची, आन् हातबी पुरतं उचलत नव्हतं. संभाजीसाठी दुसरी बघाय लागले. ठरलं असं की ज्वारीची सुगी सरली की सारजाला शेळगावला घालवायची. पोरगं हितंच ऱ्हाणार.

सुकी आली ती त्र्याण्णवच्या संक्रांतीला. मी तिला समोर घेऊन गेले. तिनं बहिणीकडं बघितलं आन् म्हणली, "अक्का, वर आढ्याकडं बघ. बघतच ऱ्हा."

सारजा बघत ऱ्हायली. जरा वेळानं एक पापणी खाली आली, मग दुसरी, दुकानाचं शटर आल्यागत.

"आता डोळं मिटून पड जरा."

ती पडली. उठली तर डोळं उघडं. सुकीचं तोंड पांढरं पडलं आन् मग लगीच असं उजळलं की मला तिचा राग आला. बहीण मराया टेकलीय आन् हिला काय गावलं?

"आत्ती," ती माझा दंड धरून म्हणली, "हे माझंच दार हाय. माझंच!"

तिनं तितंच सगळ्यांना खाली बसवलं. संभाजीला, तानूबाईला. म्हणली, "मामी, पाटाला पाणी हाय, सोडणारा हाय, पण वाफ्याची दारंच बुजवली तर वाफा भिजंल का? अक्काच्या मांसातली दारं तिचंच रगत मोडतंय. थोडी उरलीत. सकाळी तेवढ्यावर भागतं, दिवसभर काम केलं की पुरत न्हाय. एक सुई हाय. तिनं पाणी जरा जास्त वेळ थांबतं, मग उरलेल्या दारांतनंबी वाफा भिजतो. दोन-तीन तासांत सुई उतरती, पण तेवढ्यात तुमी बघाच. बसल्या जागी उठंल."

"बसल्या जागी?" तानूबाई म्हणली.

"अर्ध्या तासात."

"आन् उठली तर?"

"तर आजार खरा. मग तिला घालवायची न्हाय. गोळ्या चालू करायच्या. पोरगं तिच्याजवळ द्यायचं."

तानूबाईनं संभाजीकडं बघितलं. संभाजी म्हणला, "बघू."

सुकीला सुई टोचता येत न्हाय, तवा बारामतीचा एक डॉक्टर गाठला. म्हातारा, शांत माणूस. त्यानं सारजाला तपासलं आन् सुकीला बाजूला घेऊन म्हणला, "बाळ, निदान तुझं बरोबर आहे. पण मी काय म्हणतो, गोळ्या गुपचूप सुरू करू. हळूहळू बरी होऊ दे घरात. हे सगळ्यांना जमवून दाखवायचं कशाला?"

"न्हाय सर," सुकी म्हणली, "त्यांच्या डोळ्यादेखत झालं पायजे. डोळ्यांनी बघितल्यावर कोण न्हाय म्हणंल?"

रातदिस पडद्यावरची रेघ बघितलेली पोरगी. रेघ खाली गेली म्हणजे दार उघडलं. तितं कुणी वाद घालत न्हाय.

तर आमी सगळी यष्टीनं बारामतीला. दवाखान्याच्या बाकड्यावर दुपारी सारजा बसली, मान छातीवर पडलेली, लाळ गळतीय. तानूबाई समोर, मांडी घालून, मेंढरू इकत घ्यायला आल्यागत. डॉक्टरनं सुई दिली. आमी बसलो. सुकी घड्याळाकडं बघंना, बहिणीच्या पापण्यांकडं बघत व्हती.

आधी मान उचलली. मग पापण्या वर गेल्या, अगदी लग्नातल्या फोटूत हायत तशा. सारजानं इकडं तिकडं बघितलं, आन् म्हणली, "आत्ती, मला लई भूक लागलीय."

नाकातनं न्हवं. तोंडातनं, खणखणीत.

माझ्या पिशवीत शेंगदाण्याची चिक्की व्हती. मी दिली. ती कडाकडा चावून खाल्ली, अख्खी, हनुवटीला हात न लावता. आन् उठून हात डोक्यावर नेऊन अंबाडा घातला. कंपाउंडरबी बघाय आला. सुकी भिंतीला टेकून रडत व्हती. मी तिला म्हणलं, "रडतीस काय येडे, जिंकलीस!" ती म्हणली, "आत्ती, बंगळूरला मी एक दार बघते. आज सगळी बघितली."

सारजानं तानूबाईच्या पायाला हात लावला. "आत्याबाई, आता घरी गेल्यावर शंभूला घेऊ का?"

तानूबाईनं पाय मागं घेतला. ती सुकीकडं वळून अगदी मायेनं म्हणली, "पोरी, तू शिकलीस, पण तुझ्या बापानं मेंढरं इकली आन् तुला कायच ठेवलं न्हाय बघ. माझा जल्म त्येच्यात गेला. खरं आजारी मेंढरू सुई दिली म्हणून उठतं व्हय? त्याला औषिद लागू व्हायला दिस जात्यात. मान टाकतं, चारा सोडतं, मग एक दिस कान हलवतं. आन् टोचल्या टोचल्या जे तटकन उभं ऱ्हातं ना, ते सोंगाडं असतं. कळपामागं चालायचा कंटाळा. सुईला भ्यालं की उठतं."

"मामी, मेंढराला पोटातलं जंत असतं, हे येगळं..."

"अर्ध्या तासात उठंल म्हणाली व्हतीस. उठली. म्या बघितलं." मग संभाजीला म्हणली, "चल रं. उगा दिस मोडला."

म्हातारा डॉक्टर कायतरी बोलाय लागला, तर संभाजी हात जोडून म्हणला, "सायेब, तुमचे उपकार झाले. आमाला तेवढंच बघायचं व्हतं."

गाडीची वाट बघण्यात बराच वेळ गेला. इंदापूरची यष्टी, गच्च भरलेली. सारजाला सुकीशेजारी जागा गावली, मी दांडीला धरून उभी, तानूबाई आन् संभाजी त्यांच्या मागं. संसर गेलं तवर सारजा खिडकीतनं बाहेर बघून बोलत व्हती, शंभूला काय आवडतं, त्याला झबलं शिवायचंय. लासुर्णं गेलं आन् तिचं बोलणं जड झालं. अंथुर्ण्याला पापण्या निम्म्यावर आल्या. सुकीनं तिचा हात घट्ट धरला. सुईचं पाणी सरत आलेलं, ते तिला ठाव व्हतं, तिनं आधीच सगळ्यांना सांगितलंबी व्हतं.

तानूबाईनं मागनं संभाजीला ढोसलं. "बघ. भीती सरली. आलं सोंग परत."

शेळगाव आलं. कंडक्टरनं घंटी मारली. तानूबाईनं सारजाच्या खांद्यावर हात ठेवला.

"उतर."

सारजानं मान वळवली. "शंभू..." नाकातनं आलं.

"शंभू घरी हाय."

"मला... घरी..."

"त्येच्या घरी हाय तो. तुझं हितं."

मागनं कुणीतरी म्हणलं, "ताडी पिऊन आलीय काय बाई?" आन् चार माणसं हसली. संभाजी खिडकीबाहेरचा ऊस बघत बसला, जसा काय त्यानं उभ्या आयुष्यात ऊस बघितला नव्हता. मी म्हणलं, "तानूबाई, सुगीपतूर तरी थांबायचं ठरलं व्हतं की गं!" ती म्हणली, "दगडे, तुला पुळका आसंल तर तूबी उतर."

सुकी उभी ऱ्हायली. आख्ख्या गाडीत तिचा आवाज गेला. "तुमी बघितलं की! आत्ता, दुपारी! सोताच्या डोळ्यांनी बघितलं!"

"म्हणून तर," तानूबाई म्हणली.

कंडक्टर वरडाय लागला. आमी तिघी उतरलो. सारजाला पायरीवरनं उचलून घ्यावं लागलं. गाडी निमगावकडं गेली.

पुढचं सांगायला लई न्हाय. पुण्यास्नं गोळ्या आल्या, आन् म्हैन्याभरात सारजा म्हस्कूच्या घरात शेवटच्या भाकरीपतूर थापाय लागली. ती बातमी निमगावला पोचली, तर तानूबाई पारावर म्हणली, "बघा, माहेराला गेल्या गेल्या बरी झाली." वैशाखात संभाजीनं दुसरी केली. सुकी एकदा समजूत काढायला गेली, तिला उंबऱ्याच्या आत घेतली न्हाय. शंभू आतनं बघत व्हता. त्याला सांगितलं, ही सुईवाली.

आन् सुई मात्र ऱ्हायली आमच्या गल्लीत. कुण्या सुनंनं कंबर दुखती म्हणलं, कुणी तापानं पडली, की सासू म्हणती, "बारामतीची सुई टोचू का?" पोरी उठत्यात, बाई. ताप असला तरी उठत्यात. पार भिगवणपतूर गेलंय ते. आमच्या सुकीचं येवढं मोठं संशोधन आख्ख्या तालुक्यात चालू हाय, फक्त तिचं नाव कुणाला ठाव न्हाय. हे मी तिला चिडवायला म्हणलं एकदा. ती हसली न्हाय. मी परत तसं म्हणले न्हाय.

ती बंगळूरची डॉक्टर झाली. परदेशातल्या मासिकात तिचं छापून आलं. मी इचारलं, "मग कळलं का, दार किती वेळ उघडं ऱ्हातं?"

"कळलं. एका सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले थोडे."

"आन् मिटलं की?"

"ते न्हाय सांगता येत, आत्ती. कदी लगीच उघडतं. कदी वाटच बघायची."

नव्याण्णवच्या दिवाळीआधी ती शेळगावला आली, मीबी माहेराला गेले व्हते. शंभू तवर शाळंत जायला लागलेला, कारखान्याकडच्या. संध्याकाळच्या यष्टीनं गल्लीतल्या पोरांसंगं निमगावला परत जायचा, आन् गाडी शेळगावला थांबायचीच. सारजा रोज तितं लिंबाखाली जाऊन उभी ऱ्हायची. तिनं त्याचं गणित बसवलेलं. संध्याकाळ म्हणजे तिच्या पापण्यांची वाईट येळ, तवा ती घरनं निघताना गोळी खायची. लई आधी खाल्ली तर उतरती, उशिरा खाल्ली तर चढत न्हाय. गाडी उभी ऱ्हाती तेवढा वेळ डोळं सताड पायजेत आन् हाक मारायला आवाज पायजे, बस्स. शंभू कदी बघायचा, कदी दुसरीकडं तोंड करायचा. तिला तेवढ्यावर दुसरा दिवस जायचा.

त्या दिवशी आमी दोघी तिच्यासंगं गेलो. गाडी येईना. उसाचे ट्रॅक्टर रस्त्यात आडवे झालेले. सुकी सारखी बहिणीच्या तोंडाकडं बघत व्हती. उजवी पापणी आधी ढिली पडली. सारजानं बोटानं वर धरली. मग डावी. मान खाली यायला लागली.

"अक्का, दुसरी गोळी आणलीस?"

"न्हाय... आणली."

तेवढ्यात गाडी आली. खिडकीत शंभू. सारजानं हाक मारली ती नाकातनं, तीबी निम्मी. त्यानं बघितलं. चांगलं न्याहाळून बघितलं, कारण असली ती त्याला कदी दिसली नव्हती, ऐकूनच ठाव व्हती. मग त्यानं दोन बोटांनी सोताच्या पापण्या खाली ओढल्या, मान छातीवर टाकली, जीभ बाहेर काढली. पोरं खिदळली. एक पोरगं वरडलं, "सुई आणा रं, सुई!" गाडी निघाली तरी शंभू मान टाकूनच बसलेला, दिसंनासा हुईपतूर.

डॉक्टर सुकन्या, पिशवी छातीशी धरून उभी, सडकंवर.

सारजानं एका हातानं पापणी उचलली आन् गाडी गेली तिकडं बघितलं. मग आमच्याकडं वळून हसली.

"लई येळ बघितलं आज... त्यानं," ती म्हणली. "उद्या गोळी... हितंच, गाडी गेल्यावर खाते."